पत्रा गप्प कसा होतो

करोल बाग मेट्रो स्टेशनातून उतरून नाईवाला गल्ल्यांकडे वळलं, की रस्त्याच्या कडेला एखादी तरी गाडी अर्धी सोललेली दिसतेच. दारांची पॅडं निघालेली, सीटा बाहेर उन्हात मांडलेल्या, आणि एरवी जिथे मऊ करडा गालिचा असतो तिथे नुसता रंगवलेला पत्रा. त्या पत्र्यावर चांदीच्या रंगाचे चौकोन चिकटवत एखादा पोरगा उकिडवा बसलेला असतो. त्याच्या एका हातात गरम हवेची गन असते, दुसऱ्यात लाकडी मुठीचा छोटा रोलर. या कामाला इथे सगळे ‘डॅम्पिंग’ म्हणतात.

सोललेली गाडी पिकअप असेल, तर मात्र थांबून बघावं. मोटारीपेक्षा पिकअपच्या पोटात आवाजाचं शास्त्र जास्त उघडं पडतं.

करोल बाग मराठी माणसाला परकी नाही. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातून आलेली गलाईवाल्यांची कुटुंबं इथल्या सराफी गल्ल्यांत सोनं-चांदी गाळतात. दिवाळीला किंवा जत्रेला गावी जायचं म्हटलं, तर रस्ता दीड हजार किलोमीटरच्या घरातला. तेवढं अंतर रिकाम्या हौद्याच्या पिकअपमधून कापलेल्या माणसाला केबिनमधला आवाज म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशीही त्याच्या कानात तो चालूच असतो.

हा आवाज येतो कुठून? पिकअप ही मुळात मालाची गाडी. पुण्यात १९८८ साली टेल्कोने टाटामोबाइल काढली, तेव्हापासून २०१६ची इसुझू व्ही-क्रॉस आणि २०२२ची टोयोटा हायलक्स इथपर्यंत तिचा सांगाडा तोच राहिला आहे. खाली शिडीसारखी चासी, तिच्यावर रबरी बुशांवर बसवलेली केबिन आणि मागे सुटा हौदा. मागच्या चाकांवर पाट्यांच्या स्प्रिंगा असतात. त्या भरल्या वजनासाठी बनवलेल्या, म्हणून हौदा रिकामा असला की ताठ होतात आणि रस्त्याचा प्रत्येक खड्डा चासीला कळवतात. शिवाय मोटारीत मागे डिकी असते, म्हणजे आवाजाला वाटेत अडायला एक खोली असते. पिकअपमध्ये तुमच्या पाठीमागे सीट, सीटमागे पत्रा, आणि पत्र्यामागे थेट जग.

तो मागचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा. उभा, रुंद, बराचसा सपाट. कारखान्यात त्यावर आडवे-उभे उठाव दाबलेले असतात, ते शोभेसाठी नव्हेत. सपाट पत्रा सहज थरथरतो, उठावाचा पत्रा ताठ होतो. तरीही दोन उठावांच्या मधला भाग थरथरतोच.

आता थोडं गणित. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला दोन स्फोट होतात. मिनिटाला १८०० फेरे म्हणजे सेकंदाला ३०, म्हणजे ६० स्फोट. इंजिन ३००० फेऱ्यांवर गेलं, की सेकंदाला १०० स्फोट, म्हणजे १०० हर्ट्झचा खर्ज. एका रांगेच्या सीटची केबिन आतून साधारण पावणेदोन मीटर लांब. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. या लांबीत ज्या लहरीची अर्धी लांबी बरोबर मावते, ती असते शंभर हर्ट्झच्या आसपासची. इंजिनाचा खर्ज आणि केबिनचा स्वतःचा सूर एकमेकांना भेटले, की जे होतं ते प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक असतं. ठरावीक वेगाला कानात एकदम घूं भरतं, आणि थोडं पुढे गेलं की आपोआप ओसरतं. काही बिघडलेलं नसतं. केबिन फक्त गात असते.

आणि हे सगळं किती लहान प्रमाणावर चाललेलं असतं, हे कळलं की मी थक्क होतो. ७० डेसिबलच्या आवाजात हवेचा दाब जेवढा खालीवर होतो, तो वातावरणाच्या एकूण दाबाच्या सोळा लाखांश भागाएवढा असतो. आपण बोलतो तेव्हा तोंडातून बाहेर पडणारी ध्वनिशक्ती वॉटच्या एक लाखांश भागाच्या आसपास. एवढ्याशा शक्तीपुढे माणूस हैराण होतो, आणि तिला आवरायला किलो-किलोने माल लागतो.

पण त्याआधी जुना माल काढावा लागतो. चांगला कारागीर पहिल्यांदा बॅटरीची तार सोडतो आणि काही मिनिटं हातावर हात ठेवून बसतो. एअरबॅगच्या यंत्रणेत बॅटरी तुटल्यावरही थोडी वीज साठून राहते. ती उतरल्याशिवाय खांबांच्या आणि सीटच्या आसपासचे पिवळे प्लग सोडायचे नसतात. मग स्क्रू. ते दिसत नाहीत. दाराच्या मुठीच्या खाचेत, हात टेकायच्या जागेखाली, छोट्या झाकणांमागे लपलेले असतात. ते निघाले की प्लास्टिकची चपटी पाचर कडेत सारून पॅड ओढायचं, आणि एकामागून एक ‘लॉक’ फट्फट् सुटतात. लॉक म्हणजे प्लास्टिकच्या त्या खिळ्या, ज्यांच्या अंगावर मागे झुकलेले काटे असतात. आत जाताना काटे दबतात, गेल्यावर फाकतात. लोखंडी स्क्रूड्रायव्हर घालून ओढणारा माणूस दिसला तर गाडी दुसरीकडे न्यावी, एवढं माझं मत. निम्मे लॉक तो तोडतो, आणि तुटलेल्या प्रत्येक लॉकच्या जागी उद्याची एक खडखड ठेवून जातो.

गालिचा उचलला की खाली निघतो जाड, मळकट, रंगीबेरंगी धाग्यांचा थर. दिल्लीचे कारागीर त्याला नमदा म्हणतात. नीट पाहिलं तर त्यात निळा, लाल, हिरवा असे शेकडो रंग सापडतात. कारण हा नमदा बहुधा जुन्या कपड्यांचा असतो. लोकरी कपडे फाडून, पिंजून, त्यांचे तंतू पुन्हा एकत्र दाबायचे, ही युक्ती इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या बॅटली गावात १८१३च्या सुमारास रुळली. आज या पिंजण्याच्या धंद्याची जगातली एक मोठी पेठ करोल बागेपासून नव्वदेक किलोमीटरवर आहे: पानिपत. मराठी मनात त्या नावाबरोबर १७६१ उभं राहतं. तिथल्या गोदामांत मात्र परदेशातून आलेल्या जुन्या कोट-स्वेटरांचे डोंगर असतात, त्यांची रंगांप्रमाणे निवड होते, बटणं आणि चेन कापल्या जातात, आणि मग यंत्र त्यांच्या चिंध्या करून धागा काढतं. गाडीच्या पायाखालचा नमदा त्याच कुळातला. कुणाचा तरी हिवाळा आपल्या टाचेखाली असतो.

नमदा आवाज गिळतो तो त्याच्या गुंत्यामुळे. हवेची लहर आत शिरली, की तिला तंतूंच्या भुलभुलैयातून मागे-पुढे वाट काढावी लागते. तंतूंना घासत-घासत तिची शक्ती उष्णतेत जिरते. पण नमद्याला एक मर्यादा आहे, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. लहर नीट जिरायला थराची जाडी तिच्या लांबीच्या पावपटीच्या आसपास हवी. चार हजार हर्ट्झच्या सळसळीसाठी दोन सेंटिमीटर पुरतात. शंभर हर्ट्झच्या त्या घूंसाठी लागतील ८५ सेंटिमीटर. म्हणजे नमदा भरत बसलात तर ड्रायव्हरला बसायला जागा उरणार नाही.

तोच नमदा पाणी मात्र मनापासून पितो. एसीच्या पाण्याची नळी तुंबली किंवा गाडी पावसाळ्यात तुंबलेल्या पुलाखालून गेली, की वरून गालिचा कोरडा दिसतो आणि खाली आठवडे-आठवडे ओल राहते. वास येतो तो तिथूनच. भाजीपाला वाहणाऱ्या पिकअपच्या नमद्यात उंदरांची घरटीही निघतात. ओल्या नमद्यावर नवा थर चढवणं म्हणजे पत्र्याला गंज लावायची सोय करणं. तो काढायचा, पत्रा धुवायचा, वाळवायचा, गंजाचा ठिपका असेल तर घासून प्रायमर मारायचा, आणि शेवटी स्पिरिटने पुसायचा. इथे घाई करणारं दुकान पुढेही घाईच करतं.

आता तो चांदीचा चौकोन. पोरगा तो चिकटवण्याआधी पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक करतो. टण्ण. चौकोन लावून, रोलर दाबून पुन्हा टकटक करतो. ठप. मूठभर रबराने एवढा मोठा पत्रा गप्प होतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं, जादू वजनाची आहे. नाही. वजन हा या गोष्टीतला गौण भाग.

चौकोनाच्या पोटात ब्यूटाइल रबर असतं. न्यू जर्सीतल्या स्टँडर्ड ऑइलच्या प्रयोगशाळेत विल्यम स्पार्क्स आणि रॉबर्ट थॉमस यांनी १९३७ साली ते घडवलं. या रबराच्या साखळीवर मिथाइलचे गट इतक्या दाटीने बसलेले असतात, की साखळ्यांना एकमेकींजवळून सरकताना अंग चोरावं लागतं. या दाटीमुळे दोन गोष्टी होतात. एक, हवा त्यातून सहज निसटत नाही. म्हणून टायरच्या ट्यूबा ब्यूटाइलच्या झाल्या, आणि लशीच्या कुपीचं करडं रबरी बूचही याच कुळातलं. दुसरी, ते रबर उसळत नाही. साध्या रबराचा चेंडू जमिनीवर आपटला की वर येतो, ब्यूटाइलचा जवळपास पडूनच राहतो. त्याला दिलेली शक्ती साखळ्यांच्या घासाघाशीत खर्च होते. याचंच सख्खं भावंड, पॉलिआयसोब्यूटिलिन, च्युइंगगमच्या गोंदात असतं. लशीचं बूच, च्युइंगगम आणि पिकअपची पाठ, या तिघांचं नातं तिथल्या टकटकीत ऐकू येतं.

पण नुसतं रबर पत्र्याला फासून भागत नाही. पत्रा वाकतो तेव्हा वर चिकटलेला मऊ थर त्याच्याबरोबर निमूट ताणला जातो आणि फारसं काम करत नाही. असा मोकळा थर किती आवाज खातो याचा हिशेब जर्मन शास्त्रज्ञ हेरमान ओबर्स्ट यांनी १९५२ साली मांडला. खरी करामत वरच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पानाची आहे. पान लांबायला तयार नसतं. खाली पत्रा वाकतो, वर पान हटून बसतं, आणि मधल्या रबराची कुचंबणा होते. ते आडवं घासलं जातं, थरथरीच्या प्रत्येक हेलकाव्याला. ही आडवी घासाघाशी ताणण्यापेक्षा कितीतरी पट जास्त शक्ती खाते. १९५९ साली एडवर्ड केर्विन यांनी याचं गणित प्रसिद्ध केलं. ते अमेरिकेतल्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या ध्वनिसल्लागार संस्थेत होते. याच संस्थेने दहा वर्षांनी, १९६९ साली, इंटरनेटच्या पूर्वज जाळ्याची पहिली जोडयंत्रं बनवली. आवाज शांत करणाऱ्यांच्या घरून जगातला सगळ्यात मोठा गोंगाट सुरू झाला, असं कुणी म्हटलं तर मी हरकत घेणार नाही.

थर देऊन थरथर ताब्यात ठेवण्याची कला आपल्याकडे जुनीच. वारकऱ्यांचा पखवाज आठवा. भजनाआधी पखवाजी डाव्या तोंडाला ओली कणीक थापतो, थोडी काढतो, पुन्हा लावतो. खर्ज भरदार होतो आणि मोकाट घुमत नाही. उजवीकडच्या शाईचं काम आणखी सूक्ष्म. चंद्रशेखर वेंकट रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये दाखवलं, की अशा भारामुळे चामड्याचे बेसूर उपस्वर सुरात येऊन बसतात. पखवाजी कातडं बोलतं करतो, करोल बागेतला पोरगा पत्रा मुका करतो. दोघांनाही थर कुठे आणि किती हे हातानेच कळतं.

आणि ‘किती’ हाच बाजारातला वादाचा मुद्दा. “भाईसाहब, फुल डॅम्पिंग करवा लो,” असं दुकानदार म्हणतो. म्हणजे तसूभर पत्रा दिसता कामा नये. दिसायला ते झकास दिसतं, बिलही झकास होतं. पण पत्रा कडेला धरलेला असतो, तिथे तो हलत नाही, हलतो मधोमध. प्रत्येक फळीच्या मधला चौथा हिस्सा ते निम्मा भाग झाकला तरी टणटणीचा बहुतेक निकाल लागतो. त्यापुढचा प्रत्येक चौकोन कमी-कमी फायदा देतो आणि वजन पूर्ण देतो. दोन मिलिमीटरची शीट चौरस मीटरला तीनेक किलो भरते, तेव्हा सबंध केबिन मढवली तर वीस-पंचवीस किलो सहज वाढतात. उरलेला पैसा मागच्या पत्र्यावर, चाकांच्या कमानींवर आणि फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवर, घालावा.

स्वस्तातलं दुकान ब्यूटाइलच्या नावाने डांबराची शीट देतं. कारखानेही जमिनीवर डांबराच्या शीट घालतात, पण त्या रंगाच्या भट्टीत तापून पत्र्याशी एकजीव होतात. छताला आतून नुसती चिकटवलेली डांबर-शीट दिल्लीच्या जून महिन्यात काय करेल, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. आधी वास, मग ओघळ, मग एके दिवशी ती छताच्या लायनिंगवर येऊन पडते. त्याहून वाईट म्हणजे सामानाच्या खोक्यात येणारा पांढरा फोम आत ठासणं. केबिनच्या आतला माल किती वेगाने जळावा यावर बंधन असतं. एफएमव्हीएसएस ३०२ या अमेरिकी नियमात ज्योत मिनिटाला १०२ मिलिमीटरच्या पुढे सरकता कामा नये. खोक्यातल्या फोमला हे कुणी विचारलेलं नसतं.

पत्रा गप्प झाला, तरी बाहेरचा आवाज त्याच्यातून आत येतोच. तो अडवायला वजनच लागतं, आणि इथला नियम कंजूष आहे. वजन दुप्पट केलं तर फक्त ६ डेसिबल कमी होतात. उघडा पत्रा हजार हर्ट्झचा आवाज तीसेक डेसिबलने कमी करतो, तर शंभर हर्ट्झचा दहाच्या आसपास. म्हणूनच ट्रकचा भोंगा बंद काचेआडून बोथट होतो आणि डिझेलची घरघर जशीच्या तशी आत शिरते.

त्याहून मोठी गंमत भोकांची. चौरस मीटरभर फायरवॉल शिशाने मढवली आणि वायरींच्या जुडग्याभोवती तीन सेंटिमीटर लांब-रुंद फट राहिली, तर साऱ्या भिंतीचा अडसर तीस डेसिबलच्या वर जाऊ शकत नाही. क्षेत्रफळाने ती फट हजारावा हिस्सा आहे, पण आवाजाला तेवढा पुरतो. वीस-तीस रुपयांचं रबरी ग्रोमेट नीट बसवणं हे सगळ्या डॅम्पिंगमधलं सगळ्यात किफायतशीर काम. त्याचा फोटो चांगला येत नाही, म्हणून ते कुणी करत नाही.

उन्हाबद्दलही दुकानात बरंच ऐकायला मिळतं: चांदी ऊन परतवते. परतवते, पण समोर हवा असेल तरच. तापलेल्या छताखालचं चकचकीत पान खालच्या पोकळीत उष्णता फार कमी सोडतं. लायनिंगपर्यंत मोकळी जागा असेल तोवर ते काम करतं. त्यावरच फोम चिकटवला की पानाची भूमिका संपली, उष्णता फोमच अडवतो. दोन्ही चालतं, फक्त कोण काम करतंय ते माहीत असावं.

आता दार. पॅड काढलं की मागे एक पारदर्शक प्लास्टिक दिसतं, काळ्या चिकट दोरीने कडेला लावलेलं. पुष्कळदा ते फाडून फेकतात. खरं तर दाराच्या काचेवरून ओघळणारं पावसाचं पाणी रोज दाराच्या पोटात उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर जातं. ते प्लास्टिक त्याला केबिनपासून दूर ठेवतं. भोकं शीटने बुजवली तर दार आतून गंजतं. काही गाड्यांत तर आणखी नवल आहे. बाजूने धडक बसली हे ओळखायला दाराच्या पोटात हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. बाहेरचा पत्रा आत चेपला, की बंद पोकळीतला दाब काही मिलिसेकंदांत उसळतो, आणि एअरबॅगला हुकूम सुटतो. त्या पोकळीचं झाकण नीट बंद असणं हा त्या हिशेबाचा भाग आहे. आवाजासाठी उघडलेलं दार, नकळत, जिवाच्या यंत्रणेला हात लावत असतं.

पिकअपच्या मागच्या पत्र्यातही असंच एक गुपित आहे. सीटमागे, पॅडाआड, रबरी पाकळ्यांची एक झडप असते. दार लावताना केबिनमधली हवा तिच्यातून बाहेर पडते, आणि एसी चालू असताना आत आलेली ताजी हवाही तिथूनच वाट काढते. नवशिका कारागीर ती भोक समजून मढवून टाकतो. मग दार दोनदा आपटावं लागतं, कानाला दडा बसतो, काचांवर वाफ धरते, आणि गिऱ्हाईक समजतं, डॅम्पिंग भलतंच घट्ट झालं.

दाराच्या आवाजावर आपला विश्वास तसाही आंधळा आहे. शोरूममध्ये माणूस दार आपटून बघतो. ‘ठप’ आलं तर म्हणतो, लोखंड दणकट आहे. तोच ठप दोन चौकोनांनी आणता येतो, धडकेत दार किती टिकेल याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे. गाडीचा आवाज हे तर आता संशोधनाचं खातंच झालं आहे; पुण्यात वेताळ टेकडीवरच्या, १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत आवाज आणि थरथर मोजण्याची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे.

काम संपवून गाडी गल्लीबाहेर गेली, की बरेचदा आठवड्याभरात परत येते. तक्रार ठरलेली: नवाच आवाज यायला लागला, डॅशबोर्डातून चिक्-चिक्, खांबातून कर्र. आवाज बहुतेक वेळा नवा नसतो. इंजिनाच्या घरघरीखाली तो झाकलेला होता. वरचं पांघरूण गेलं आणि तो उघडा पडला. कारागीर मग खांबाचं पॅड पुन्हा सैल करतो, वायरींच्या जुडग्याला मखमली चिकटपट्टी गुंडाळतो, अर्धवट बसलेला लॉक तळहाताने ठोकून आत घालतो, आणि गिऱ्हाइकाला सांगतो, एक चक्कर मारून या.